मुहूर्ताचा नारळ आणि काट्यावरची कट्टी

(पत्र थोडं आटोपतं करून छापलं आहे.)

ताई, सलाम.

मी मूळचा जालन्याचा. आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. आता परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेबनीस आहे. गावात आपल्या लोकांची आमच्यासकट तीन घरं. चर्च नाही. उपासनेला परभणीला जावं लागतं, आणि सीझन सुरू झाला की रविवार कधी आला नि कधी गेला कळत नाही.

मालक माणूस वाईट नाही. पण दरवर्षी खरेदीच्या मुहूर्ताला काट्याची पूजा असते. आजवर मी त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून गैरहजर राहायचो. यंदा मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलंय की नारळ हिशेबनीसच फोडणार. हमाल, ड्रायव्हर, काटेवाला, सगळ्यांना चेष्टेला विषय मिळालाय. 'बाटायला किती मिळाले?' हे तर रोजचंच. मध्ये घरी प्रार्थनेला परभणीहून चारजण आले होते, तर कुणीतरी मालकांच्या कानावर घातलं की याच्या घरी लोकांना बाटवतात. मुलगी पहिलीत आहे. तिला वर्गात कुणी म्हणालं, तुमचा देव इंग्रजांचा. ती रडत घरी आली.

पास्टरांना विचारलं तर म्हणाले, असली नोकरी सोडा, प्रभू दुसरी देईल. बायको म्हणते, नारळच आहे, फोडा आणि मोकळे व्हा. मला दोन्ही पटत नाही. काट्यावर क्विंटलमागे दोन किलो कट्टी, म्हणजे वजनातली कपात, धरायची आणि उरलेल्या वजनाची पावती करायची, हेही माझ्याच हातचं काम आहे, पण ते सगळीकडे चालतं, त्याचं विचारत नाही. विचारायचं ते एवढंच, की अशा ठिकाणी राहून विश्वासाची साक्ष टिकवायची कशी?

ता. क. नाताळात दारावर तारा लावायचा की नाही यावरून घरात वाद आहे. नाव छापू नका.

---

भाऊ, सलाम.

नारळावर तुम्ही मन मोकळं केलंत आणि कट्टी एका वाक्यात उरकलीत, वर 'त्याचं विचारत नाही' असंही म्हणालात. मी त्याचंही बोलणार आहे. खरं तर जास्त त्याचंच. पण मुहूर्त तोंडावर आलाय, म्हणून आधी नारळ.

यंदा गैरहजर राहू नका. दरवर्षी नेमक्या त्याच दिवशी जालन्याला कुणीतरी आजारी पडतं, हे जिनिंगवरच्या लोकांच्या ध्यानात येत नसेल असं समजू नका. त्यांना त्यातून एवढंच दिसतं की हा आपल्या देवाला नाक मुरडतो आणि तोंडावर सांगायची हिंमतही ठेवत नाही. देवाशी इमान राखायचं म्हणून माणसांशी खोटं बोलायचं, हा सौदा मला तरी बरा वाटत नाही.

मग फोडून मोकळं व्हावं का? असे नारळ फोडणारे विश्वासी मी पाहिलेत आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. कुणाचं घर कशावर चाललंय हे आपल्याला बाहेरून दिसत नसतं. पण तुमचं मन त्याला राजी नाही, राजी असतं तर हे पत्र आलंच नसतं. रोमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी काय खावं, कोणता दिवस पाळावा यावरून अशीच ओढाताण होती, तेव्हा प्रेषित पौलाने दोन्ही बाजूंना सांभाळून घेतलं. पण एक गोष्ट त्याने ठाम सांगितली, की ज्याच्या मनात खटकतं त्याने मन मारून ती गोष्ट करू नये. तुमच्या पत्नीच्या मनात खटकत नसेल, तुमच्या खटकतंय, आणि नारळ तुमच्या हातात देणार आहेत.

मात्र पूजा करणं आणि पूजेच्या जागी हजर असणं यात फरक आहे, आणि तो फरक बायबलनेच केलेला आहे. नामानाची गोष्ट आठवा. अरामाचा सेनापती, कोड बरा झाला म्हणून इस्राएलाच्या देवाला मानू लागला. घरी परत निघताना त्याला तुमच्यासारखाच प्रश्न पडला. त्याचा राजा रिम्मोनाच्या देवळात जायचा आणि वाकताना याच्या हाताचा आधार घ्यायचा, म्हणजे यालाही वाकावं लागणार. हे त्याने अलीशा संदेष्ट्याला आधीच सांगून टाकलं आणि त्याबद्दल क्षमा मागितली. अलीशाने त्याला नोकरी सोड म्हटलं नाही, व्याख्यानही दिलं नाही. शांतीने जा, एवढंच म्हणाला. कडक उपदेश करणाऱ्यांना ही जागा अवघड जाते, म्हणून ती फारशी वाचून दाखवली जात नाही असा माझा संशय आहे.

तेव्हा मुहूर्ताला जा. सगळ्यांच्या आधी जा. पण त्याआधी, निदान आठवडाभर आधी, मालकांना एकट्याने गाठा. दानीएलाने बाबेलात राजाचं जेवण नाकारलं ते भर पंगतीत ताट सारून नाही. वरच्या अधिकाऱ्याकडे जाऊन त्याने विनंती केली, त्याची अडचण ऐकून घेतली, दहा दिवसांची मुदत मागितली आणि बदली काय चालेल तेही स्वतःच सुचवलं. आणि हाच दानीएल बाबेलची विद्या शिकला, बाबेलचं नावही त्याने चालवून घेतलं. सगळ्याच गोष्टींवर तो अडून बसला नाही.

मालकांशी बोलताना असं काहीतरी म्हणता येईल: 'मालक, मुहूर्ताच्या दिवशी मी पहाटेपासून हजर आहे. मंडप, बारदाना, पहिली गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा सत्कार, चहापाणी, पेढे, सगळं माझ्याकडे द्या. नारळ तेवढा माझ्या हातून नको. तुम्हाला माहीत आहे मी ख्रिस्ती आहे. मनात नसताना मी तो फोडला तर माझ्या देवाशी खोटं होईल आणि तुमच्या पूजेलाही ते शोभणार नाही. तो मान सगळ्यांत जुन्या हमालाला द्या, त्याची हयात इथे गेली.' यातलं एकही वाक्य भांडणाचं नाही. मालकांनी भर सभेत जाहीर केलंय, त्यामुळे त्यांना मागे फिरायला वाट ठेवणं महत्त्वाचं आहे, आणि जुन्या हमालाचा मान ही ती वाट आहे. बहुतेक माणसं इथे ऐकतात. आपल्याकडे श्रद्धेने नकार देणारा कळतो. अंग चोरणारा सहन होत नाही. तरीही नाहीच ऐकलं, तर त्या दिवशी शांतपणे, हात न लावता उभं राहा. आरडाओरड झाली तर होऊ द्या.

पेढ्याचं तुम्ही विचारलं नाही, पण तोही येणारच. करिंथकरांच्या पत्रात पौलाने यावर बरंच लिहिलंय: बाजारात मिळेल ते चौकशा न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी सोडा. आमच्या घरात मी प्रसाद खात नाही, माझी आत्या खायची, आणि आम्ही दोघी एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घ्यायचो. खायचा तर खा, नसेल तर दोन्ही हातांनी घ्या आणि शेजारच्या पोराला द्या. फक्त तोंड वाकडं करू नका.

पास्टरांचा मान राखून सांगते, नोकरी सोडा हा सल्ला मला पटला नाही. प्रभू देतो हे खरं, पण महिन्याचा किराणा दुसऱ्याच्या घरात भरायचा असतो तेव्हा हे बोलणं सोपं जातं. शिवाय या सल्ल्यामागे एक जुनी सवय आहे, वेगळं होण्याची. तुम्ही जालन्याचे, बेथेलचं नाव घरात ऐकलं असेल. नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्याला कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिलं, आणि मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. परत घ्या म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. त्याच नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल वसवलं. तिथे आलेले बहुतेक लोक मांग-महार समाजातले. गावात त्यांचं पाणी तोडलं जायचं, काम बंद व्हायचं, तेव्हा वेगळी विहीर आणि वेगळं शिवार याला पर्यायच नव्हता.

तुमच्यावर ती वेळ आलेली नाही. तुम्हाला पगार मिळतो, गावात घर भाड्याने मिळालंय, मुलगी सगळ्यांच्या शाळेत जाते. चेष्टा बोचते हे मला मान्य आहे, पण चेष्टेसाठी गाव सोडायचं नसतं. नोकरी सोडायची वेळ येऊ शकते, मात्र ती नारळावरून नाही.

आता कट्टी.

तुम्ही लिहिता, सगळीकडेच चालतं. चालतं, मलाही माहीत आहे. मोंढ्यात सोयाबीनला चालतं, तुरीला चालतं, कापसाला चालतं. शेतकरीही गृहीत धरून येतो. पण हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करता, तेव्हा एकदा करून बघा. एक कुटुंब दहा क्विंटल कापूस घेऊन येतं. क्विंटलला दोन किलो, म्हणजे वीस किलो गेला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या दराने वीस किलोचे दीड हजार झाले. भर उन्हात ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाईची ती तीन-चार दिवसांची मजुरी आहे. ही फक्त एका गाडीची गोष्ट झाली. सीझनभर किती गाड्या काट्यावर चढतात हे तुमच्या वहीत आहे.

ओलाव्याचं कारण पुढे करू नका. ओल्या कापसाला भाव कमी मिळणं यात गैर काही नाही. सीसीआय, म्हणजे केंद्र सरकारचं कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं, ८ ते १२ टक्क्यांमध्ये ओलाव्याच्या प्रमाणात भाव उतरवतं आणि त्याच्या वरचा माल घेत नाही. तिथे मीटर लावलं जातं आणि आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो. कट्टीला मीटर लागत नाही. खडखडीत वाळलेल्या कापसालाही ती तेवढीच बसते. बाजार समितीच्या नियमांत अशी वजनातली कपात बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या देवाच्या दृष्टीने याचं वजन किती, तेही बघा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा आपण नाताळच्या कार्डावर छापतो. ती मुळात बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात, थोडं वर, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नकोस असं आहे, आणि अध्याय संपता संपता खरा तराजू, खरी वजनं, खरी मापं. प्रीती आणि तराजू एकाच पानावर आहेत. आमोस संदेष्ट्याने तर सण पाळणाऱ्या व्यापाऱ्यांनाच धरलं: शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, कधी सरतो आणि माप लहान करून, तराजू खोटा करून आम्ही धान्य कधी विकतो, असं मनात घोळवत बसलेले. तुमचा रविवार बुडतो म्हणून तुम्हाला वाईट वाटतं, ते योग्यच आहे. पण आमोसाचा राग शब्बाथ पाळणाऱ्यांवर होता.

आता मला खटकलेली गोष्ट स्पष्ट सांगते. मालक काटा पुजतात, तुम्ही पुजत नाही. काटा बिचारा खरं तेच दाखवतो. खोटं बोलतो तो पुढचा कागद, आणि तो कागद तुमच्या अक्षरात असतो. ज्या हमालांनी तुमचा नारळाचा नकार पाहिला, तेच दहा मिनिटांनी तुम्हाला पावती फाडताना पाहणार आहेत. वजन त्यांच्याच खांद्यावरून गेलंय, त्यांना पक्कं माहीत असतं. नारळ नाकारणारा हा माणूस कशाला भितो नि कशाला भीत नाही, याचा अंदाज ते बरोबर बांधतील. मग 'बाटायला किती मिळाले' याला तुमच्याकडे उत्तर उरणार नाही.

हे वाचून लगेच मालकांसमोर जाऊन उभे राहू नका. नारळाचं बोलणं आणि कट्टीचं बोलणं एका बैठकीत तर अजिबात नको. नाहीतर त्यांना वाटेल, हा धर्म घेऊन माझ्या धंद्यावर उठलाय. आधी घरी बोला. पत्नीला हे सगळं मालकांच्या आधी कळलं पाहिजे, कारण काही उलटंसुलटं झालं तर झळ तिलाही बसणार आहे. तीनेक महिन्यांचा खर्च बाजूला पडेल असं बघा, सीझन संपेपर्यंत वेळ लागला तरी चालेल. दुसरीकडे चाचपणीही करून ठेवा. जालन्यात बियाण्यांचा आणि सळईचा एवढा धंदा आहे, कापसाचा हिशेब लिहिणाऱ्याचा हात तिथे वाया जाणार नाही. हा अविश्वास नाही. पळायला जागा असलेला माणूस जास्त शांतपणे बोलतो, एवढाच त्याचा उपयोग.

मग बोला. आणि तिथे धर्म काढू नका. मी ख्रिस्ती आहे म्हणून खोटी पावती लिहीत नाही, असं म्हणालात की मालकांच्या कानाला ते 'तुम्ही हिंदू आहात म्हणून लिहायला लावता' असं ऐकू येईल, आणि तसं ऐकू आलं तर चूक त्यांची नाही. त्यांच्यातही खरा काटा सांभाळणारे व्यापारी आहेत, तुम्हालाही दोन-चार ठाऊक असतील. साधं म्हणा: 'मालक, पावती मी पूर्ण वजनाची लिहीन. तुम्हाला परवडत नसेल तर भाव कमी बोला. शेतकरी भाव ऐकेल, पटला तर गाडी खाली करील, नाहीतर पुढच्या जिनिंगवर जाईल. वजनात मात्र माझ्या हातून कमी लिहवत नाही.' या मागणीत धंद्याचं नुकसान झालंच पाहिजे असं नाही. जे वजनात लपत होतं ते भावात उघडं येईल, एवढंच. अगदीच नाही जमलं तर निदान पावतीवर पूर्ण वजन आणि त्याखाली कट्टी वेगळी दाखवायची परवानगी मागा. ती मिळणार नाही, माझा अंदाज आहे. असा कागद शेतकऱ्याच्या हातात द्यायला कोण तयार होईल? पण ती का मिळत नाही, याचा विचार मालकांनाही करावा लागेल.

बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार आले होते. त्या काळी त्यांच्याइतकं बदनाम काम दुसरं नव्हतं. आम्ही काय करावं, असं त्यांनी विचारलं. त्याने काम सोडायला सांगितलं नाही; ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. शिपायांना म्हणाला, दमदाटी करून पैसे काढू नका, पगारात भागवा. तुमच्यासाठी याहून नेमकं उत्तर मला सापडलं नाही.

पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. मालक हसून सोडून देतील. किंवा तुम्हाला काट्यावरून उचलून प्रेसिंगला गाठींच्या हिशेबावर बसवतील आणि काट्यावर दुसरा येईल. ते मिळालं तर घ्या, पण कट्टी बंद झाली असं स्वतःला सांगू नका. फक्त तुमचा हात निघाला. किंवा घरी पाठवतील. तशी वेळ आली तर पास्टरांचं वाक्य तेव्हा खरं धरा, आणि त्यांच्याकडे जाऊन सांगा की आता मंडळीने दोन महिने किराणा बघावा. शब्दाला जागायची संधी त्यांनाही मिळू दे.

मागच्या वर्षांचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली, पण ते त्याच्या खिशात आलेलं होतं. कट्टीतलं तुमच्या खिशात काही आलं नाही असं मी धरून चालते. आलं असेल, दिवाळीच्या बक्षिसाच्या नावाने का होईना, तर कुठल्या गावच्या गाड्या होत्या ते तुमच्या वह्यांत सापडेल.

उरलेलं भराभर सांगते.

'किती मिळाले' याला चिडू नका आणि खुलासाही देत बसू नका. येशूचा शिष्य पेत्र याने लिहिलंय की आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने. हमाल मात्र आशेचं कारण विचारत नाहीत, गंमत करतात. गमतीला गंमतीने उत्तर द्या: 'मिळाले असते तर तुझ्याबरोबर इथे धूळ खात बसलो असतो का?' एखाद्या रात्री त्यांच्यातलाच कोणी एकटा येऊन खरंच विचारेल, बहुतेक घरात कुणी आजारी असताना. त्याला आजोबांची गोष्ट सांगा. ती सांगताना प्रवचन करू नका.

प्रार्थनेच्या अफवेबद्दल. घरात बसून प्रार्थना करणं हा गुन्हा नाही. आपला धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि सांगण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या २५ व्या कलमात आहे. पण शेजाऱ्याला कलम दाखवून शेजार मिळत नाही. पुढच्या वेळी परभणीचे लोक येणार असतील तेव्हा डाव्या-उजव्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा, दार उघडं ठेवा, माइक नको, आणि फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. आपले लोक इथेच चुकतात. चारजणांची प्रार्थना असते आणि फोटोखाली लिहितात 'महान संजीवन सभा'. मग दुसऱ्यांनी त्याचा काय अर्थ लावायचा? मालकांनाही तुम्ही होऊनच सांगा की पाहुणे आले होते, अमुक गाणी म्हटली, चहा पिऊन गेले. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं.

लेकराला सांगा, येशू इंग्रज नव्हता. तो बेथलेहेमला जन्मला, बेथलेहेम आशियात आहे, आणि गोरं सरकार तर दूरच, त्याच्याच देशावर रोमन लोकांचं राज्य होतं. पहिलीतल्या मुलीला एवढं पुरे. नकाशा दाखवलात तर ती तो वर्गात घेऊन जाईल. बाईंनाही एकदा भेटून या, तक्रार म्हणून नाही, ओळख म्हणून. नाताळात वर्गात शंकरपाळ्यांचा डबा पाठवा. पहिलीतली पोरं देवापेक्षा डबा लवकर ओळखतात.

रविवारचं थोडं देवाणघेवाणीने जमेल. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला प्रत्येकाला घरी जायचं असतं आणि जिनिंगवर कापसाचे ढीग पडलेले असतात. आगीच्या भीतीने कुणीतरी थांबावंच लागतं. ते दोन्ही दिवस तुम्ही घ्या. बदल्यात महिन्याचे दोन रविवार, नाताळ आणि शुभ शुक्रवार मागा. सीझन ऐन भरात असतो तेव्हाच नाताळ येतो, म्हणून हे आत्ताच ठरवा, २४ तारखेला नको. ज्या रविवारी जमणार नाही त्या दिवशी गावातल्या तीन घरांनी सकाळी सहाला अर्धा तास एकत्र बसायला काय हरकत आहे? पास्टर नसले तरी चालतं. दोघं-तिघं जमले तरी पुरे, हे आश्वासन आपल्याला आहेच.

आणि तारा. लावा की. दिवाळीत सगळी गल्ली आकाशकंदील लावते, तुम्हीही लावत असाल. महिना-दीड महिन्याने तुमच्या दारावर एक तारा चमकला तर कुणाचं काही जात नाही. नवा आणायलाच पाहिजे असंही नाही, कामट्या आणि जिलेटीनचा कागद आणून मुलीबरोबर घरी करा, शेजारची पोरं आपोआप मदतीला येतील. वायर मात्र जुनी वापरू नका, आणि बल्ब कागदाला टेकणार नाही असं बघा. जिनिंगवर काम करणाऱ्याला आगीचं मी काय सांगावं!